मावशीनं उपसलेला कापूस

मी सर्वांत जास्त कुणाचं देणं लागत असेन, तर माझ्या मावशीचं. तिला स्वतःला अक्षर वाचता येत नव्हतं. आमच्या आतल्या गावात चौथीपुढं शाळा नव्हती, म्हणून तिनं मला रत्नागिरीला आपल्या घरी आणलं आणि बी.एस्सी. होईपर्यंत ठेवून घेतलं. माझ्याआधी आमच्या घराण्यात कॉलेजचं फाटक कुणी ओलांडलं नव्हतं. तिला आणि तिच्या यजमानांना, म्हणजे माझ्या काकांना, मूलबाळ नव्हतं. भाट्याच्या खाडीकाठी त्यांची एक शिडाची होडी होती, आणि तिच्यावरच आमचं तिघांचं चालायचं.

पावसाळ्यात होडी वर ओढून माडाच्या झापांखाली झाकलेली असे. श्रावणात झापं काढायची आणि नारळी पौर्णिमेच्या आत ती समुद्रासाठी तयार करायची. फळ्यांच्या फटींत कापसाची वात ठोकून बसवणं, वर राळ आणि तेलाचं लिंपण करणं, हे काकांचं काम. शीड शिवणं मावशीचं. शेवटी होडीत घागरींनी पाणी भरायचं आणि बाहेरून फिरून कुठं पाझरतंय का ते बघायचं. मला लोट्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी लागल्यावरही या कामाला मी रजा काढून जात असे. पाणी वाहणं एवढंच मला जमायचं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. खाडीतल्या बहुतेकांनी इंजिनं बसवली होती. आमचे दोघे मात्र अजून शिडावरच होते, आणि नेहमीसारखे होडीजवळ बसून एकमेकांना टोमणे मारत होते.

"टाका जवळ घाल गो," काका म्हणाले. "गेल्या वर्षी तुझ्या शिडातून वारा हसत गेला."

"तुमचं सुकाणू बघून हसला असेल तो."

ठोकाठोक संपल्यावर काका तेल आणायला बाजारात गेले. मी विहिरीवरून घागर घेऊन आलो आणि होडीच्या पलीकडच्या बाजूला वळलो. मावशी तळाशी उकिडवी बसली होती. हातात शीड शिवायचा दाभण. काकांनी सकाळी ठोकून बसवलेला कापूस ती फटीतून उपसून काढत होती. हातभर लांब फट तिनं रिकामी केली होती.

माझ्या हातातली घागर कलंडली. ज्या होडीच्या जिवावर आम्ही जगलो, तिच्या तळाला मावशी भोक पाडत होती!

"मावशी, काय करतेस हे?"

"ओरडू नको मेल्या. बस खाली."

मी बसलो. तिनं दाभण न थांबवता सांगितलं. गेल्या दिवाळीच्या आधी होडी परत येताना तिला काठावरून दिसली होती. शीड नुसतं फडफडत होतं, आणि काका तळात आडवे पडले होते. शेजारच्या लाँचवाल्यानं ओढून आणलं. काकांनी सगळ्यांना सांगितलं, झोप लागली. पण त्यांना शुद्ध नव्हती. त्यानंतर घरीही दोनदा तसं झालं.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गोळ्या दिल्या. पाण्यावर एकटं जायचं नाय म्हणाले."

"मग मला कळवलं का नाही?"

"कळवणार कशी? माझी पत्रं लिहितो कोण? तेच ना!"

नऊ-दहा महिने मी दर पत्रात 'आम्ही खुशाल आहोत' वाचत होतो, काकांच्याच अक्षरात.

तिचा बेत सरळ होता. पाणी भरलं की होडी गळेल. फळी कुजली असं काकांना वाटेल. शिडाच्या होडीचं काम करणारा सुतार आता सहज मिळत नाही. तो मिळेपर्यंत हंगाम जाईल.

काका आले. आम्ही पाणी भरायला लागलो. मावशी रोजच्यासारखी घागरी ओतत होती. थोड्याच वेळात तळातून धार लागली. काका वाकले. बोटानं फळी दाबली, नखानं खरवडली. पुन्हा दाबली.

"फळी तर लोखंडासारखी हाय," ते म्हणाले. "कापूस गेला कुठं?"

मग ते उभे राहिले आणि मावशीजवळ आले. तिच्या पदराला राळेनं चिकटलेला कापसाचा पुंजका त्यांनी दोन बोटांनी सोडवला. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"एवढं होतं तर तोंडानं सांगायचंस."

"तोंडानं सांगून झालं. कान असते तर दाभण कशाला लागला असता?"

काका खाली वाळूत बसले. मग त्यांनी कापूस आणि हातोडी तिच्यापुढं सरकवली.

"तूच भर आता. भरलंस तर जाईन. नाय भरलंस तर ओट्यावर बसेन, मरेपर्यंत. चकार शब्द काढणार नाय."

मला वाटलं, सुटलो. आता ती हातोडी फेकून देईल. मावशीनं काकांकडं पाहिलं, मग वर घराच्या ओट्याकडं पाहिलं, आणि कापसाची वात वळायला घेतली.

"मावशी!" मी ओरडलो.

"ओट्यावर बसलेला माणूस बघवायचा नाय मला," ती म्हणाली. "भरते. पण एकट्यानं जायचं नाय."

"शिडावर आता येतो कोण? पोरं सगळी लाँचवर."

"मी येते."

"बायका बसतात काय होडीत?"

"लिंपायला चालतात, शिवायला चालतात, पाणी वाहायला चालतात. बसल्या तरच तेवढी होडी बाटते काय?"

काकांनी कापसाची पुढची वात तिच्या हातात दिली. ती हातोडीचे घाव घालत राहिली. रजा संपली म्हणून मी दुसऱ्या सकाळच्या एस.टी.नं लोट्याला परतलो. वाटेत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत होती. कारखान्याच्या बसगाड्या जिथं दुरुस्तीला जात, त्या गॅरेजमध्ये मी आधी गेलो आणि मग पत्र लिहायला बसलो. मावशीला आलेलं पत्र काका ओट्यावर मोठ्यानं वाचून दाखवत, हे मला माहीत होतं.

तीर्थरूप मावशीस,
साष्टांग नमस्कार.

मी सुखरूप पोचलो, पण सुखात नाही. तू फट भरलीस तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. काका पडले तर तू कसंही करून शीड उतरवशील, होडी वळवशील, याची मला खात्री आहे. पण मावशी, तुला पोहता येत नाही. हे तुम्हा दोघांपैकी एकालाही कसं आठवलं नाही?

नका जाऊ, असं लिहायचा मला अधिकार नाही. तुम्ही दोघांनी मला घडवलंत, तेव्हा काका काही मला विचारून समुद्रावर जात नव्हते. म्हणून एवढंच करतो. एस.टी.च्या पार्सलनं गाडीच्या दोन ट्यूबा पाठवल्या आहेत. पंक्चर काढून, हवा भरून, रात्रभर हौदात बुडवून पाहिल्या. गळत नाहीत. एक तुला, एक काकांना. काखेखालून दोरीनं बांधायच्या. बंदरावरचे लोक हसतील. हसू देत.

डॉक्टरांच्या गोळ्या संपत आल्या की मला कळव. पत्र शेजारच्या मास्तरांकडून लिहून घे, काकांकडून नको.

ट्यूब बांधल्याशिवाय होडी पाण्यात ढकलायची नाही. काका, इथपर्यंत वाचलंत ना? ट्यूब बांधायचं ते वाक्य तिला पुन्हा एकदा मोठ्यानं वाचून दाखवा.