राक्षसाची डरकाळी आणि बाबांचा डावा कान

आमचे बाबा म्हणजे एक वल्ली. चाळीस वर्षं पत्रा ठोकला, त्यात कान गेले, पण 'मला सगळं ऐकू येतं' हा हेका काही सुटला नाही. डाव्या कानाचं मशीन आणून वर्ष झालं होतं, ते कपाटात डबीतच. मी भांडले, डॉक्टरांनी दटावलं, बाबा ढिम्म. आईचा आवाज मुळातच बारीक. ओरडून ओरडून तिचा घसा बसायचा, म्हणून हल्ली ती त्यांच्याशी बोलायचीच नाही. जेवायला वाढलंय, हेसुद्धा हातानं सांगायची. मला ते बघवत नसे.

आणि मग समुद्रातून येणाऱ्या त्या राक्षसाचा सिनेमा नव्यानं निघाला.

हा राक्षस म्हणजे बाबांचं पहिलं प्रेम. आपला नंबर दुसरा, हे आईच सांगते. जुना सिनेमा त्यांनी अकरा वेळा पाहिलाय, तोही मुख्यतः डरकाळीसाठी. ती कुठल्या जनावराची नसून भलामोठा पातळ पत्रा दोन टोकांना धरून हलवल्याची आहे, अशी त्यांची खात्री. कारखान्यात ते करूनही दाखवायचे आणि शेजारचा सुतार शिव्या घालायचा. आता नव्या सिनेमात डरकाळी तीच ठेवली की बदलली? या प्रश्नानं माणसाला जेवण गोड लागेना. परवा सकाळी स्वतःच कपाट उघडून त्यांनी डबी काढली आणि बॅटरी कशी घालतात ते मला विचारलं. आई आणि मी एकमेकींकडे बघतच राहिलो.

दुपारच्या खेळाला इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर निघाले. मागचा माणूस किती कुरुमकुरुम खातो म्हणून वैतागले, तर मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पडद्यावर समुद्र फुगला, माणसं सैरावैरा पळाली, राक्षसाची पाठ वर आली. आता तो तोंड उघडणार, इतक्यात या गृहस्थांनी काय करावं? मशीन काढून खिशात टाकलं. डरकाळी ऐकायची ती आपल्या कानानं, प्लॅस्टिकच्या तुकड्यातून नाही म्हणे. अख्खं थिएटर हादरलं. राक्षसानं तोंड मिटलं, तसं बाबांनी मला विचारलं, "झाली?"

मी मान हलवली. त्यांचा चेहरा इतका उतरला की माझा संताप कुठल्या कुठे गेला. त्यांच्या खिशातून मशीन काढून मी त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते मुकाट्यानं कानात घातलं आणि नंतरचा दीड तास त्याला हात म्हणून लावला नाही.

शेवटी जखमी राक्षस उठला आणि पुन्हा ओरडला. बाबा ताडकन उभे. मागचे म्हणतायत बसा, पण बसतात कसले. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि टाळ्या चालूच. "पत्राच आहे! पण जाड घेतलाय लेकाच्यांनी."

रस्ताभर त्यांचं तोंड थांबलं नाही. त्याचं शेपूट, त्याची चाल, पूल कसा आडवा केला, सगळं पुन्हा ऐकावं लागलं. घरी आई भाजी निवडत बसली होती. मान खाली घालून, स्वतःशीच बोलावं तसं ती पुटपुटली, "आवडला वाटतं."

बाबा चपला काढता काढता थांबले. "आवडला," ते म्हणाले. "पण एका कानानं अर्धीच डरकाळी येते गं. उद्या दुसऱ्या कानाचंही मशीन आणू. आणि परवा तूही चल माझ्याबरोबर."