दाजींची बिनधुराची शेगडी

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू जशी मिळाली तशी वापरली नाही. नवी छत्री आणली की घरी येऊन ती आधी उघडायची, काड्या एकेक करून वाकवून बघायच्या, त्यातली एखादी काडी आळशी आहे असं जाहीर करायचं आणि तिला तारेने बांधून मगच छत्री पावसात न्यायची. लग्नात आमच्या वडिलांनी दिलेलं घड्याळ त्यांनी मांडवातच उघडलं होतं. मुंडावळ्या एका हाताने बाजूला धरून नवरदेव घड्याळाच्या पोटात डोकावतोय, हे बघून आमच्या आईला घेरी यायची बाकी होती. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. दुसऱ्यांच्या कामातली खोट काढायचा त्यांना पगार मिळायचा, आणि सुट्टीच्या दिवशी ते हेच काम फुकट करायचे. आक्काला बघायला आले तेव्हा पोहे समोर येताच ते टेबलाखाली गेले. आम्हाला वाटलं, चमचा पडला असेल. पाच मिनिटांनी गुडघे झटकत वर आले आणि वडिलांना म्हणाले, "पाय आखूड नाही, फरशी खोल आहे. टेबलाला बोल लावू नका." मुलगी पसंत आहे की नाही, हे सांगायचं ते विसरूनच गेले होते. दोन दिवसांनी निरोप आला.

लग्न होऊन आक्का बदलापूरला शिरगावात नांदायला गेली आणि माझ्या थक्क होण्याला सुमार राहिला नाही. मी तेव्हा अंबरनाथला नोकरी करायचे, रविवारी तिच्याकडे जायचे. दारात पाऊल टाकलं की काहीतरी बघून 'अगं आई गं!' असं तोंडातून निघायचंच. दाजींच्या खिशात कारखान्यातल्या सवयीने एक व्हर्नियर असे, बारीक मापं घ्यायचं लोखंडी हत्यार. एकदा जेवायला बसलो तर या गृहस्थाने ताटातली भाकरी उचलून तिच्या कडेला ते लावलं. "कडेला तीन, मध्ये साडेचार," ते गंभीरपणे म्हणाले. आक्का परातीतल्या पिठाचा हात तसाच त्यांच्या शर्टाला पुसून आत निघून गेली. दाजींनी भाकरी खाल्ली. वर मला म्हणाले, "मेव्हणीबाई, बिघाड ओरडून सांगत असतो. ऐकायला माणूस पाहिजे."

या बोलण्याला आम्ही सगळे हसायचो. पुढे आक्काचा खोकला सुरू झाला, आणि हसू गेलं.

साधारण शहाऐंशी सालची गोष्ट. सात माणसांचा स्वयंपाक, लाकडाची चूल, आणि स्वयंपाकघराला पंचांगाएवढी खिडकी. आक्का वाकून फुंकणीने चूल फुंकायची आणि तशीच भिंतीला टेकून धापा टाकायची. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि दाजींना सरळ सांगितलं, "हिला धुराजवळ बसवू नका. आणखी दोन पावसाळे चुलीपुढे काढलेत तर पुढचं मी सांगू शकत नाही." मी बरोबर होते. गॅसचा नंबर लावून चार वर्षं झाली होती आणि तो अजून सात वर्षं येणार नव्हता. रेशनचं रॉकेल पंधरा दिवसांत संपायचं. दाजी दवाखान्याच्या पायरीवर बराच वेळ बसले, मग उठून म्हणाले, "धूर म्हणजे काय, अर्धवट जळलेलं लाकूड. पुरतं जाळलं की धूर नाही." आणि तिथून ते घरी न येता थेट उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेले, फर्निचरच्या कारखान्यांतून लाकडाचा भुसा आणायला.

भुशाची शेगडी तेव्हा पुष्कळ घरांत होती. डब्यात भुसा ठासायचा आणि खालून पेटवायचा. पण तीही धुरकटायची. दाजींना भुशाच्या बारीक, टणक गोळ्या करायच्या होत्या, म्हणजे त्यांच्यामधून वारा खेळेल. त्यासाठी त्यांनी काय केलं असेल? आक्काचा चकलीचा सोऱ्या घेतला! तिच्या माहेरचा, पितळी! भाताच्या पेजेत भुसा मळून सोऱ्यातून दाबून काढला, बोटाच्या पेराएवढे तुकडे पाडले आणि गच्चीवर वाळत घातले, आक्काच्या सासूबाईंनी घातलेल्या कुरडयांच्या शेजारी. पुढच्या रविवारी सासूबाईंनी पाहुण्यांसमोर ताटभर 'नवीन कुरडया' तळून ठेवल्या. "फुलत का नाहीत गं मेल्या?" असं त्या झाऱ्याने ढोसत विचारत होत्या. मी एक तोंडात टाकली होती. त्या सागवानाची चव माझ्या जिभेवरून आजही गेलेली नाही.

शेगडी मात्र खरंच झाली. तेलाच्या पत्र्याच्या डब्यात खाली जाळी, हवा आत घ्यायला झडप, बाजूला गोळ्या सोडायची तिरकी पन्हळ आणि वरचा धूर खिडकीबाहेर नेणारं नळकांडं. दाजींनी मोजून एक वाटी गोळ्या सोडल्या, कागद पेटवून खाली सारला, आणि दहा मिनिटांनी आम्ही सगळे आ वासून उभे राहिलो. धुराचा मागमूस नाही! आक्का समोर बसली होती आणि खोकत नव्हती. सासूबाईंनी तर हात जोडले. मग आक्काने चहाचं आधण ठेवलं, आणि आम्ही बाहेर गप्पा मारेपर्यंत पाणी आटलं, आणि ॲल्युमिनियमच्या पातेल्याचं बूड गळून निखाऱ्यात पडलं. मी पातेलं उचललं तर त्यातून मला शेगडी दिसत होती.

तिथून पुढे पाच महिने त्या घरात कोणी बिनकरपलेलं अन्न खाल्लं नाही. आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं झालं. भाकरी तव्यावर टाकली की काळी. भात वरून कच्चा, खालून कोळसा. दाजी रोज संध्याकाळी कामावरून आले की कपडे न बदलता शेगडीपुढे मांडी घालून बसायचे. भुसा सागवानाचा आहे, तेलकट असणार, म्हणून आंब्याचा आणला. मग गोळ्या फार कोरड्या, म्हणून अर्ध्या सावलीत वाळवल्या. मग नळकांडं फार ओढतं, म्हणून वीतभर कापलं. झडप बंद करून बघितली तर भडका कमी झाला, पण लगेच धूर सुटला आणि आक्का खोकून खोकून लालबुंद झाली. दाजींनी चटका सोसून हातानेच झडप उघडली. म्हणजे हवा द्यावी तर अन्न जळतं, न द्यावी तर बायको गुदमरते, या कात्रीत तो माणूस सापडला. एकदा त्यांच्याबरोबर मी कॅम्प दोनला गेले होते. भुशाच्या ढिगातून चिमूट उचलून दाजींनी आधी हुंगली आणि मग चक्क जिभेवर ठेवली. कारखान्याचा सिंधी मालक गादीवरून उठून उभा राहिला. "अरे साईं, भूसा सब ले जाता है, चखता तुम अकेला है!" असं म्हणून त्याने मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "बहनजी, घर में सब ठीक है ना?" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

शेवटी आक्काचाच धीर सुटला. वैशाखात तिने सगळ्यांसमोर सांगितलं, "मला माझी चूल द्या. पोरं उपाशी शाळेत जातात. रोज अन्न जळण्यापेक्षा मी जळले तर बरं." दाजींचा चेहरा उतरला. खाली मान घालून म्हणाले, "बुद्धपौर्णिमेला विहारातली खीर माझ्या शेगडीवर करू. ती करपली, तर दुसऱ्या दिवशी चूल पेटव. मी अडवणार नाही." अख्ख्या वस्तीची खीर, आणि या शेगडीवर! लोक पातेल्यात बुडवतील दाजींना, असं मला वाटलं. पण भीती खिरीची नव्हती. करपली तर आक्का चुलीपुढे बसणार होती, आणि डॉक्टरांचे शब्द माझ्या कानात होते.

पौर्णिमेच्या सकाळी विहाराच्या मागे दाजींनी पिंप कापून केलेली मोठी शेगडी मांडली. पांढरा शर्ट, गळ्यात व्हर्नियर. तीन तपेली भरून गोळ्या मोजून सोडल्या, शेगडी पेटवली, वर दुधाचं पातेलं चढवलं आणि बायकांना म्हणाले, "आता फक्त ढवळा. बाकी ती बघून घेईल." उरलेल्या गोळ्यांची गोणी शेजारीच होती. आतून वंदनेसाठी हाक आली तसे दाजी गेले. मी खिरीवर नजर ठेवायला थांबले, कारण आक्काच्या जिवाचा प्रश्न होता आणि माझा कोणावर विश्वास नव्हता.

खीर सुरेख उकळत होती. शेजारची काकू आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "विझली की काय गं? धूर तर दिसत नाही." आणि गोणीतली मूठभर टाकून गेली. मग सासूबाई आल्या. "थंड वाटतीये," म्हणून एक मूठ. साखर घेऊन आलेल्या दोघी, त्यांनीही एकेक. आक्का वेलदोडे कुटत बसली होती. कुटता कुटता बोलणंही न थांबवता तिने डावा हात गोणीत घातला आणि मूठ पन्हळीत सोडली. तिने बघितलंसुद्धा नाही. अगं बाई! घरी पाच महिने हेच चाललं होतं! चूल म्हटली की धूर, आणि धूर नाही म्हणजे विस्तव गेला, हे त्या बायकांच्या हातांना आईच्या दुधाबरोबर शिकवलेलं. दाजींनी भुसा चाखला, नळकांडं कापलं, हवा मोजली. पण हातांना कोण विचारणार? मी ओरडायला तोंड उघडलं आणि पदर सावरायला हात वर नेला, तर माझ्या पांढऱ्या साडीवर भुशाची पाच बोटं उमटली. माझीच! मी पहारा करत होते ना? मग मी कधी टाकली? किती टाकल्या? शपथेवर सांगते, मला आजही आठवत नाही.

तोवर पिंप लाल झालं होतं. खीर फसफसत वर आली आणि करपल्याचा वास थेट वंदनेत पोचला. दाजी बाहेर आले. कोपऱ्यातली पहार उचलली आणि शेगडीकडे निघाले.

"दाजी, थांबा!" मी आडवी गेले. "शेगडी बरोबर आहे. चूक आमची आहे!" आणि माझा हात त्यांच्यापुढे धरला. मग काकूचा हात ओढून धरला, सासूबाईंचा धरला, शेवटी आक्काचा. सगळे भुशाने माखलेले. आक्का स्वतःच्या तळव्याकडे बघत राहिली. "मी तर काहीच नाही टाकलं..." असं म्हणता म्हणता ती थांबली आणि तोंडाला पदर लावून खाली बसली. दाजी पहार धरून तसेच उभे. मला वाटलं, आता हा माणूस पाच महिन्यांचा राग एका दमात काढणार. पण त्यांचे डोळे भरून आले. "हिने जन्मात बिनधुराचा विस्तव बघितलाच नाही," ते हळू आवाजात म्हणाले, "तिला कसं कळावं?"

वस्तीने ती खीर खाल्ली, नाकं मुरडत, पण खाल्ली. दुसऱ्या दिवशी चूल पेटली नाही. दाजींनी गोळ्या मोजून दिल्या, गोणीला कुलूप घातलं, आणि पहिल्या दिवशी आक्का डावा हात मांडीखाली दाबून भाकऱ्या थापायला बसली. अर्थात एका हाताने भाकरी थापता येत नाही, म्हणून सासूबाईंना तिच्या हातावर लक्ष ठेवायला बसवलं. भाकरी टम्म फुगली. सासूबाईंनी ती मोडून सगळ्यांना दाखवली.

दाजी पुढेही सुखाने बसले नाहीत. रोज झडप पाव इंच इकडे, नळकांडं थोडं तिकडे. रोज संध्याकाळी दारात चप्पल काढतानाच विचारायचे, "आज धाप?" आणि आमची आक्का कधी धड उत्तर देईल तर शपथ. "आहे आपली," म्हणायची, किंवा "बघू." बरं वाटतंय म्हटलं तर दृष्ट लागेल, अशी तिची समजूत. मग दाजी मान हलवून पुन्हा शेगडीपुढे बसायचे. त्र्याण्णव साली गॅस आला, तेव्हा त्याच संध्याकाळी त्यांनी नव्या शेगडीचा बर्नर सोडवलं. मी तिथे होते आणि किंचाळले होते.

सत्त्याण्णवला दाजी गेले. बसल्या जागी, दुसऱ्याचा रेडिओ मांडीवर उघडा ठेवून. महिन्याभराने आक्का माझ्याकडे अंबरनाथला आली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. बेल वाजली, दार उघडलं तर ती उभी, हातात पिशवी. मी खाली वाकून जिन्याकडे बघितलं. "कुठे टेकलीस का मध्ये?" मी विचारलं. "नाही गं, कशाला टेकू?" असं ती बोलून गेली आणि तिथेच, उंबऱ्याबाहेर, तिचा चेहरा बदलला. तिने माझा दंड घट्ट धरला.

"त्यांना सांगायचं राहून गेलं गं," ती म्हणाली. "अकरा वर्षं रोज विचारत होते."

मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. तिला धाप लागलेली नव्हती. ती नुसती रडत होती, मोठमोठ्याने, पुरत्या श्वासाने.