मॉनिटर बंद करून केलेली टेस्ट

"ब्राउझरचं अपडेट आलंय. ‘फिक्स्ड’ असं लिहिलंय त्यात. तपास आणि तिकीट बंद कर," माझे वरिष्ठ शिंदे सर म्हणाले. तिकीट म्हणजे आमच्याकडे नोंदवलेली तक्रार.

मी नाशिकच्या एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. आमचं अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर सातपूरच्या एका दवाखान्यात चालतं. तिथे फोनवर सुजाता पगारे बसतात. त्यांना दिसत नाही. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर त्या वापरतात.

मध्यंतरी, हे सॉफ्टवेअर ज्या ब्राउझरमध्ये उघडतं त्यात एक बग, म्हणजे दोष, आला. यादीतून डॉक्टर निवडला, की स्क्रीन रीडर त्याच्या वरचं नाव वाचायचा. मॅडमना ऐकू यायचे डोळ्यांचे डॉक्टर, नोंद व्हायची त्वचेच्या डॉक्टरांकडे. एक कामगार अर्धी शिफ्ट बुडवून आला आणि भलत्याच दारासमोर बसून राहिला. त्यानंतर मॅडमच्या नोंदी तपासायला शेजारी माणूस बसवला गेला. त्यांना फोनच्या कामावरून हलवायचंही बोलणं सुरू होतं.

मी ऑफिसात ब्राउझरचं नवं व्हर्जन टाकलं, स्क्रीन रीडर लावला, दहा नोंदी केल्या. दहाही बरोबर. रिपोर्टवर ‘पास’ लिहिलं. तरी तिकीट बंद करण्याआधी एकदा सातपूरला गेलो आणि तिथेही ते व्हर्जन टाकलं.

मॅडमची पहिलीच नोंद चुकली.

"तुम्ही कसं तपासलंत, सर?"

"यादी उघडली, नावावर क्लिक केलं."

"माऊसनं?" त्या हसल्या. "मी माऊस कधी धरतच नाही हो. नावाचं पहिलं अक्षर दाबते. फोनवर माणूस खोळंबलेला असतो."

हे तपासायचं मला सुचलंच नव्हतं. इतकी वर्षं हेच काम करतोय.

त्यांच्या शेजारी बसलो, मॉनिटर बंद केला, हेडफोन लावले. बाणाच्या बटणाने एक नोंद, अक्षर दाबून दुसरी. पहिलीलाच बराच वेळ लागला. मग मॉनिटर लावून पाहिलं. बाणाची बरोबर होती, अक्षराची चुकली होती.

तिथूनच सरांना फोन केला.

"म्हणजे फिक्स नाही?"

"अर्धं झालंय. माऊस आणि बाणापुरतं."

"रिपोर्ट तर पास आहे तुझा."

"चुकलाय माझा. तिकीट उघडंच ठेवा."

कोणतं बटण दाबल्यावर काय ऐकू येतं, ते जसंच्या तसं लिहून ब्राउझरवाल्यांना पाठवलं. दवाखान्याच्या मॅनेजरनाही पत्र दिलं, की चूक यंत्राची आहे, मॅडमची नाही. तोवर त्या बाणाने काम करत राहिल्या, थोडं सावकाश.

पुढच्या व्हर्जनची टेस्ट त्यांनीच केली. मी फक्त पडद्यावरची नावं ताडून पाहत होतो. एकही चुकलं नाही. नोंदी तपासायला बसवलेला माणूस उठला, फोन मॅडमकडेच राहिला.

आता आमच्या टेस्टच्या फॉर्मवर एक रकाना वाढलाय: ‘वापरणारा हे कसं वापरतो?’ बहुतेक जण तो अंदाजाने भरतात. मी आधी फोन करून विचारतो.