परवानगी आली सहाव्या दिवशी

आमचे हे राखीव किनाऱ्यावर पहारेकरी. एकवीस वर्षं झाली, नोकरी अजून हंगामीच. पहाटे वाळूतला माग काढत कासवीण कुठे अंडी घालून गेली ते शोधायचं. भरतीचं पाणी पोहोचेल अशी जागा असली, तर अंडी टोपलीत भरून वर कुंपणात नेऊन पुरायची. तेही चार-पाच तासांत. नंतर अंडं हललं, की आतलं पिल्लू गेलंच.

गेल्या वर्षी न विचारता अंडी हलवली म्हणून ह्यांना मेमो आला. तेव्हापासून मी ह्यांचं डोकं खातेय, "कशाला नसती उठाठेव? आधी कागद, मग हात लावा."

यंदा पहिलंच घरटं अगदी पाण्याच्या तोंडाशी. हे टोपली घ्यायला घरी आले, तर मी दारात आडवी. अर्ज मीच लिहिला, अक्षर माझं बरं. दुपारच्या आत सही होईल, ही माझी अक्कल! हे अर्ज घेऊन ऑफिसात गेले, तर साहेब मीटिंगला. क्लार्क म्हणाला, "काका, ठेवून जा, वर पाठवतो." वर म्हणजे कुठे, देव जाणे.

सहाव्या दिवशी शिपाई परवानगी घेऊन आला.

"घ्या काका, हलवा आता."

"आता हलवली तर मरतील, बाबा."

"मग मागितली कशाला?"

माझं टाळकंच सडकलं. पण त्या बिचाऱ्याला बोलून काय उपयोग?

मग आम्ही दोघांनी घरट्याभोवती वाळूची पोती रचली. कंबर मोडली नुसती. अमावास्येला उधाण आलं आणि पोत्यांसकट सगळं घेऊन गेलं. हे गुडघाभर पाण्यात वाकून हाताने चाचपत होते. मी हाका मारून दमले, पण हे ढिम्म हलले नाहीत.

सोमवारी मेमो! परवानगी देऊनही अंडी का हलवली नाहीत, खुलासा करा.

मी म्हटलं, "लिहा, बायकोने अडवलं. खरंच आहे ते."

ह्यांनी कागद माझ्या हाती दिलाच नाही. वाकड्यातिकड्या अक्षरात स्वतःच लिहिलं, 'वेळेत हलवली नाहीत. चूक माझी.'

मला राग आला, रडूही आलं. "अहो, काढून टाकतील तुम्हाला!"

"टाकू देत," हे म्हणाले. "अंडी मी पाहिली होती. साहेबांनी नाही, तूही नाही."