बाबांनी गाडी घासली तेव्हा

बाबा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि दोन महिन्यांत त्यांनी एक जुनी मोटार विकत घेतली. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. मला येत नव्हती. आईला तर मोटारीत नुसतं बसलं तरी मळमळायचं. तरीही एके दिवशी नागपूरच्या कुठल्याशा दलालाचा माणूस ती गाडी मूल गावातल्या आमच्या घरासमोर उभी करून, किल्ली बाबांच्या हातात देऊन, एस.टी.ने परत गेला.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते, गावातल्याच एका शाळेत शिकवत होते. आठवड्यातला रविवार तेवढा माझा असायचा. तो या गाडीने खाल्ला.

गाडीचा रंग मरून होता असं म्हणायचं. खरं तर तो उडून, खडू फासल्यासारखा पांढुरका झाला होता. हात फिरवला की बोटांना लाल भुकटी लागायची. शेजारी एस.टी.त आयुष्यभर ड्रायव्हरकी केलेले एक भाऊ राहायचे. गाडी तेच चालवणार असं ठरलं होतं. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, टायर पाहिले, इंजिन ऐकलं आणि म्हणाले, "गुरुजी, इंजिन ठीक आहे. रंगाच्या नादी लागू नका. पाण्यानं धुवा, सुक्या फडक्यानं पुसा, बस."

बाबांना ते पटणारं नव्हतं. आलापल्लीच्या ज्या शाळेत त्यांची पहिली नेमणूक झाली होती, तिथल्या स्नेहसंमेलनाला त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं. पहिल्यांदा रुजू व्हायला ते सागवान आणायला निघालेल्या रिकाम्या ट्रकमध्ये, मागे दोराला धरून उभे राहून गेले होते. आता त्यांना स्वतःच्या मोटारीतून उतरायचं होतं, आणि ती मोटार चमकली पाहिजे होती. हे मला समजत होतं. पण समजणं वेगळं आणि दर रविवारी हात मोडेपर्यंत घासणं वेगळं.

पॉलिश आणायला आम्ही चंद्रपूरला गेलो. मोटारीच्या सामानाच्या दुकानदाराने काउंटरवर तीन वस्तू मांडल्या. एका डब्यात करड्या रंगाची खरखरीत लापशी, तिला तो कंपाउंड म्हणत होता. एका बाटलीत दुधासारखं पातळ पॉलिश. आणि एका चपट्या डबीत पिवळं मेण.

"रंग मेला असन तर आधी कंपाउंड," तो म्हणाला. "पण हात हलका ठेवजा, नाईतर रंगच निघून येते. मंग पॉलिश. अन् सगळ्यात शेवटी मेण. गाडी धुऊन, सावलीत, एकदम पातळ."

बाबांनी तिन्हींचा वास घेतला. मेणाच्या डबीशी नाक जरा जास्त वेळ थांबलं. "याचा वास मस्त आहे."

"बाबा, वास काय घेता? वर काय लिहिलंय ते वाचा ना."

"वाचीन घरी."

घरी त्यांनी काही वाचलं नाही. ज्या माणसाने उभी हयात पोरांना ‘आधी प्रश्न नीट वाचा’ असं बजावण्यात घालवली, त्याने त्या डबीवरची चार ओळींची सूचना शेवटपर्यंत वाचली नाही. बाबा रोज सकाळी स्वतःचे बूट स्वतः चमकवायचे. मॅट्रिक होईपर्यंत त्यांच्या पायात काही नव्हतं. हे ते कधी सांगत नसत, आई सांगायची. बुटांचा त्यांचा नियम होता की भरपूर लावायचं, वाळू द्यायचं आणि जोर काढून ब्रश मारायचा. मोटार म्हणजे एक मोठा बूटच, असा त्यांचा समज होता.

पहिल्या रविवारी दुपारी बारा वाजता, भर उन्हात, न धुतलेल्या गाडीवर त्यांनी मेण थापलं. पुरणपोळीवर तूप ओढावं तसं. मी म्हटलं, "बाबा, तो माणूस शेवटी लावा म्हणाला होता. अन् सावलीत."

"सावलीत वाळन कसं?"

जानेवारी असला तरी बॉनेटला चटका बसत होता. मेण पाहता पाहता वाळलं आणि दगड झालं. वर भाताच्या गिरणीतून, धानाचा कोंडा जाळून उडणारी काळी राख त्यावर येऊन बसली. संध्याकाळपर्यंत गाडी मरूनही राहिली नाही आणि पांढरीही नाही. राखेत लोळलेल्या म्हशीसारखी दिसायला लागली. दाराच्या फटींत, दिव्यांच्या कडांना, नंबरप्लेटच्या स्क्रूभोवती पांढरं मेण अडकलं. ते काढायला मी रॉकेलची वाटी आणि जुना दातांचा ब्रश घेऊन अंधार पडेपर्यंत बसले. आईने दोनदा चहा आणून दिला, पण फडक्याला हात लावला नाही. "मी नाई बसणार त्या गाडीत. मी काऊन घासू?" तिचं बरोबरच होतं.

सोमवारी शाळेत फळ्यावर लिहायला माझा हात वर जाईना.

दुसऱ्या रविवारी बाबांनी कंपाउंड काढलं. माझ्याकडे बॉनेट आणि त्यांच्याकडे डावा पुढचा दरवाजा. मी ओल्या फडक्याने हलक्या हाताने गोल गोल फिरवत होते, आणि खरंच, खडूसारखा थर निघून खालून गर्द मरून वर येत होता. मला पहिल्यांदाच बरं वाटलं. म्हटलं, ही बाई सुधारते आहे. तेवढ्यात बाबांची हाक आली.

"इकडे ये गं. हे काय आहे?"

दरवाजाच्या कडेला, मरून रंगात, पिवळं अक्षर उमटलं होतं. स्पष्ट, पेंटरच्या हातचं, जाड ‘ऊ’.

"रंग गेला, बाबा! थांबा आता. हात बाजूला घ्या."

"अक्षर आहे," ते म्हणाले.

आई दारात आली. "काय झालं?"

"दरवाजावर ऊ आहे," मी म्हटलं.

"लोखंडावर ऊ कशी होईन?" असं म्हणत आई चष्मा आणायला आत गेली.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. दुकानदाराने बजावलं होतं, भाऊंनी बजावलं होतं, मी तर ओरडत होते. पण अर्धा शब्द समोर दिसतोय आणि तो पुरा वाचायचा नाही, हे बाबांना जमणारं नव्हतं. ते घासत राहिले. पिवळी अक्षरं जाड रंगाची, थोडी वर आलेली. त्यांच्यावर नंतर मारलेला रंग पटकन निघत होता. ‘का’ आला. मग ‘शि’. खालच्या ओळीत ‘अंतर ठेवा’.

शेजारून भाऊ आले, त्यांनी वाचलं आणि ते ओट्यावरच बसले. "शिकाऊ! गुरुजी, ही तर ड्रायव्हिंग शिकवायची गाडी होती. म्हणूनच मी म्हणतो, क्लच असा काऊन करते."

बाबांचा चेहरा उतरला. फसवलं गेल्याचं त्यांना तेव्हा कळलं. मला त्यांची कीव यायला हवी होती. पण माझ्या दोन्ही हातांना कंपाउंड लागलेलं, पदराला रॉकेलचा वास, आणि संमेलन पुढच्या शनिवारी. मी म्हटलं, "आता तरी ऐका. पेंटरला बोलवा."

गावातल्या पेंटरकडे मरून नव्हता. त्याच्याकडे दुकानांच्या पाट्यांचा लालभडक होता. तो बाबांनी नाकारला, हे त्यांनी केलेलं एकमेव शहाणपण. मग त्यांच्या डोक्यात आलं की वरून मेण लावलं तर अक्षरं झाकली जातील. या वेळी गाडी धुतली, चिंचेच्या सावलीत उभी केली, मेण पातळ लावलं आणि मऊ फडक्याने पुसलं. सगळं अगदी दुकानदाराने सांगितलं होतं तसं. परिणाम असा झाला की गाडी आरशासारखी चमकली, आणि ‘शिकाऊ’ सगळ्यात जास्त.

शनिवारी पहाटे निघालो. भाऊ गाडी चालवत होते, बाबा शेजारी, मी मागे. गडचिरोली, चामोर्शी, आष्टी करत आलापल्लीला पोचलो. भाऊंनी शहाणपणाने डावी बाजू भिंतीकडे करून गाडी लावली. पण पोरं कुठली ऐकतात! ती भिंत आणि गाडीच्या मधल्या फटीत शिरली आणि एका सुरात वाचायला लागली. "शिकाऊ! अंतर ठेवा! शिकाऊ! अंतर ठेवा!" तेव्हाचे मुख्याध्यापक हार घेऊन पुढे आले, त्यांनीही फटीत डोकावून वाचलं, आणि अगदी आदराने विचारलं, "गुरुजी, गाडी शिकून राह्यले का या वयात?"

मी डोळे मिटले.

"हो," बाबा म्हणाले. "शिकून राह्यलो."

सगळ्यांना ते फार आवडलं. मुख्याध्यापकांनी माइकवरून सांगितलं की आपले गुरुजी निवृत्तीनंतरही विद्यार्थी आहेत. टाळ्या पडल्या. बाबा हार घालून, ताठ बसून राहिले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. कान लाल झाले होते.

परतताना, दोन्ही बाजूंना सागवान असलेल्या सरळ रस्त्यावर त्यांनी भाऊंना गाडी थांबवायला लावली. "भाऊ, सरका इकडे."

"बाबा, नका ना!"

"लोकांसमोर बोललो मी. आता शिकाच लागन."

भाऊ हसून सरकले. "क्लच हळू सोडा, गुरुजी. हळू. अजून हळू." गाडीने तीन गचके खाल्ले आणि बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. मागून ओंडक्यांचा ट्रक आला, हॉर्न वाजवून वाजवून थकला आणि शेवटी बाजूने निघून गेला. पाचव्यांदा गाडी चालली. दुसऱ्या गिअरमध्ये रडत, बैलगाडीच्या वेगाने, रस्त्याच्या मधोमध. मी मागून ओरडत होते, "डावीकडे! डावीकडे घ्या!" त्यांना काही ऐकू येत नव्हतं. दोन्ही हातांनी चाक आवळून ते पुढे वाकले होते.

आष्टीला चहासाठी थांबलो. त्यांच्या नखांत अजून करडं कंपाउंड होतं. बशीत चहा ओतता ओतता त्यांनी विचारलं, "तुले लई त्रास दिला का या महिन्यात?"

एरवी मी नाही म्हटलं असतं. "हो बाबा," मी म्हटलं. "लई."

"बरं," ते म्हणाले आणि स्वतःच्या कपातला अर्धा चहा माझ्या कपात ओतला.

उन्हाळा संपायच्या आत ते गाडी चालवायला शिकले. एकदा चामोर्शीच्या बाजारात कांद्याच्या ढिगाला धक्का लागला, बाकी काही झालं नाही. चंद्रपूरच्या पेंटरकडून दरवाजा रंगवून घेतला. तो नवा मरून बाकीच्या मरूनशी काही जुळला नाही. बाबा गाडीपासून चार पावलं मागे गेले, मान तिरकी करून बघत राहिले आणि म्हणाले, रविवारी मेण लावू, मंग जुळन.

त्या रविवारी सकाळीच मी तपासायच्या वह्यांचा गठ्ठा उचलला आणि मैत्रिणीकडे निघून गेले.