वरच्या कोर्टातली हंगामी खुर्ची

माझे वडील किती सचोटीचे होते हे बडोद्यातली जुनी माणसं मला अजूनही सांगतात. लग्नात गाठतात, देवळात गाठतात आणि डोळे मिटून म्हणतात, तसा न्यायाधीश पुन्हा होणे नाही. मी मान डोलावते आणि मनातल्या मनात चरफडते. त्या सचोटीपायी माझ्या ताईचं काय झालं हे मला कोणी कधी विचारलं नाही, म्हणून आता न विचारताच सांगते.

महाराजांच्या राज्यात तेव्हा प्रत्येक प्रांताला एक न्यायाधीश असे, आणि माझे वडील, म्हणजे तात्या, कडी प्रांतात त्या जागेवर होते. सगळ्या प्रांतांतली अपिलं बडोद्याला येत. तिथल्या कोर्टाला आम्ही घरात नुसतं 'वरचं कोर्ट' म्हणायचो. तिथे तीन न्यायाधीश, त्यांतले एक मुख्य. अपील ऐकायला दोघं बसत, आणि त्या दोघांचं पटलं नाही तर प्रकरण तिसऱ्याकडे जाई. त्याच्यावर फक्त हुजूर, म्हणजे खुद्द महाराज. नवा न्यायाधीश नेमायचा तर मुख्य न्यायाधीश आपला शेरा लिहीत, दिवाणसाहेब शिफारस करीत आणि महाराज हुकूम देत. महाराज पुष्कळदा विलायतेत असत, म्हणजे हुकूमही विलायतेहून येई. हे सगळं मला परवच्यासारखं पाठ होतं, कारण जेवताना तात्या दुसरं काही बोलतच नसत. तीन वाट्या मांडून दाखवायचे. आमटीची वाटी म्हणजे मुख्य न्यायाधीश. ती कलंडली की आईला हसू यायचं, पण हसायची सोय नव्हती.

त्या तिघांपैकी कोणी लांबच्या रजेवर गेलं की तात्यांना कडीहून बोलावणं येई आणि रिकाम्या खुर्चीवर हंगामी म्हणून बसवत. असं दोनदा झालं. दोन्ही वेळा ती जागा पुढे कायमची रिकामी झाली, आणि दोन्ही वेळा बाहेरच्या मुलुखातून कोणी बॅरिस्टर आला. त्याला आमचे गुजराती कागद वाचता येत नसत. शिरस्तेदार वाचून सांगायचा, साहेब हूं हूं करायचे. तात्या आपल्या राज्याची वकिलीची परीक्षा दिलेले, गुजराती आणि मराठी दोन्ही कागद कोळून प्यायलेले. ते गुपचूप बाडबिस्तरा आवरून कडीला परत. तिसऱ्यांदा बोलावणं आलं तेव्हा एक न्यायाधीश आजारी होते आणि परत येणार नव्हते. सगळे म्हणाले, या खेपेला तात्याच.

रावपुऱ्यात भाड्याचं घर घेतलं आणि आमची शिक्षा सुरू झाली. वकिलाच्या घरचा उंबरा ओलांडायचा नाही, असा हुकूम निघाला. रावपुऱ्यात दर दुसऱ्या घरात वकील! माझी जिवाभावाची मैत्रीण समोरच राहायची, तिचे वडील वकील, म्हणून तिच्याशी खिडकीतून हातवारे करून बोलायचं. संक्रांतीला आईने हळदीकुंकू केलं नाही, कारण बोलवायचं कोणाला? एकदा शेजारच्या बेननी झाकलेली थाळी आणून दिली. "लो बेन, ऊंधियुं छे, गरम गरम," म्हणाल्या. तात्यांनी ती तशीच पट्टेवाल्याच्या हाती परत पाठवली. त्या बाईंचा कोर्टाशी संबंध एवढाच, की त्यांचे दीर अर्ज लिहून द्यायचे. आई पदराने तोंड पुसत म्हणाली, "वास तरी घेऊ द्यायचा होता."

हे सगळं मी पोटात घातलं असतं. पण ताईचं लग्न ठरत होतं.

स्थळ चांगलं होतं. घराणं जुन्या शिलेदारांचं, मुलगा शाळेत गणित शिकवणारा. बघायला आला तेव्हा त्याने सगळ्यांदेखत ताईला विचारलं, सध्या काय वाचता? ताई लाजली नाही. वाचनालयातून आणलेल्या प्रवासवर्णनाबद्दल चांगलं पाच मिनिटं बोलली. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला म्हणाली, "शेवटपर्यंत ऐकलं गं त्यांनी." हे वाक्य मी तिच्याकडून त्या आठवड्यात दहादा ऐकलं असेल. संक्रांत झाली की साखरपुडा करायचा ठरलं.

आणि त्याच सुमारास मुलाच्या वडिलांचं एक अपील वरच्या कोर्टात सुनावणीला निघालं. वाघोडियाकडची आंब्याची वाडी, चुलतभावांचा वाद. ऐकणार कोण, तर मुख्य न्यायाधीश आणि तात्या.

आई साधी बाई, कोर्टाची पायरी कधी चढली नाही, पण तिला चटकन सुचलं ते बरोबर सुचलं. म्हणाली, "अहो, तीन जण आहात ना? मग ते तिसऱ्या साहेबांकडे द्या. तुम्ही नका बसू."

तात्या म्हणाले, "हंगामी माणसाने असं करून चालत नाही. मुख्य न्यायाधीश माझ्यावर शेरा लिहिणार आहेत. गावात सोयरीक, पक्षकारांशी घरोबा, असं त्यात एक अक्षर आलं की संपलं."

"मग?"

"स्थळ मोडायचं."

इतकं सरळ बोलले. दोन वाट्या उचलून बाजूला ठेवाव्यात तसं. आई दोन दिवस जेवली नाही. त्याने काही झालं नाही.

मोडलं ते तरी धड मोडावं! तात्यांनी चिठ्ठी पाठवली, त्यात लिहिलं, 'आम्हांस हे स्थळ करणे सोयीचे नाही.' कारण दिलं नाही. का, तर कारण सांगायचं म्हणजे अपिलाचा उल्लेख आला, आणि चालू अपिलाबद्दल पक्षकाराशी न्यायाधीशाने बोलायचं नाही. कायद्याचं हे टोक त्यांना दिसलं. मुलीकडच्यांनी ऐन वेळी कारण न देता नकार दिला की लोक मुलीबद्दल काय समजतात, ते मात्र दिसलं नाही.

चार दिवसांनी मुलाची आई आमच्याकडे आली. ओट्यावरच उभी राहिली, आत आली नाही. आईला म्हणाली, "राग नाही हो, पण खरं सांगा. मुलीला काही दुखणं आहे का? फेफरं वगैरे?" आईने हात जोडले. तिला बोलायची बंदी होती. ती नुसती नाही नाही म्हणून मान हलवत राहिली, आणि खोटं बोलणाऱ्या बाईसारखी दिसली. मी दाराआड होते. मला वाटलं, बाहेर जाऊन ओरडून सगळं सांगावं. ताईने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. मी गेले नाही, याचा मला आजही पश्चात्ताप होतो.

तात्यांनी अपील ऐकलं आणि दोघा न्यायाधीशांनी निकाल मुलाच्या वडिलांच्या बाजूने दिला. निकाल बरोबरच होता म्हणतात. गावात काही दिवस कुजबुज झालीच, की व्हायच्या व्याह्याला वाडी दिली. म्हणजे ज्याला भ्याले तेही चुकलं नाही.

वैशाखात त्या मुलाचं लग्न झालं. आणि आषाढात विलायतेहून हुकूम आला. मद्रासकडचे एक बॅरिस्टर कायम झाले होते. तात्या पगडी घालून त्यांना घ्यायला स्टेशनावर गेले. कडीला परतण्याआधी राहिलेले निकाल लिहून द्यायला त्यांना पंधरा दिवस दिले होते. याच दिवसांत अमरेलीकडून एक बिजवर सांगून आला, दोन मुलांचा. ताईच्या दुखण्याची कंडी तोवर सगळीकडे पिकली होती, दुसरं कोण विचारणार? ताई 'नाही' म्हणून बसली होती आणि मी तिच्या बाजूने.

एका दुपारी तात्या जेवायला बसले ते खुशीत होते. नव्या साहेबांचं कौतुक सांगू लागले. सकाळी त्यांच्यापुढे एक अपील निघालं. पक्षकार त्यांच्या घराचा मालक, ज्याच्याकडे ते नुकतेच राहायला गेले होते. साहेबांनी तिथल्या तिथे चिठ्ठीवर लिहिलं, पक्षकार माझ्या परिचयाचे आहेत, अपील दुसऱ्या न्यायाधीशांपुढे ठेवावे. पट्टेवाल्याने कागद उचलून शेजारच्या दालनात नेले.

ताई भात वाढत होती. तिने विचारलं, "एवढंच लिहिलं?"

"एवढंच. एक ओळ."

"मुख्य न्यायाधीश काही म्हणाले नाहीत?"

"म्हणायचं काय त्यात? रीतच आहे ती." आणि मग आपण काय बोलून गेलो ते तात्यांच्या ध्यानात आलं.

"मग तुम्ही का नाही लिहिलीत, तात्या?"

"मी हंगामी होतो."

मी काहीतरी बोलणार होते, पण ताईने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिने भाताचं भांडं खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "झालं ते झालं. आता अपील संपलं, खुर्चीही गेली. आता तरी त्यांच्या घरी कळवा, मुलीत दोष नव्हता, कारण हे होतं. मला त्यांच्याकडून काही नको. फक्त त्यांना ठाऊक असू दे."

तात्या पानाकडे बघत म्हणाले, "पुढल्या साली मुख्य न्यायाधीश निवृत्त होतात. एक जागा निघेल. इतक्यात असलं काही लिहिणं बरं दिसायचं नाही."

ताईने त्यांना ताक वाढलं. ते पिऊन, हात धुऊन तात्या कोर्टात गेले. दार लागल्यावर ताई आईला म्हणाली, "अमरेलीला हो म्हणून कळव."