गुळात फॅट नाही म्हणून

कुसगावच्या आहार सल्ला केंद्रातल्या मॅडमनी मला वर्षभर फसवलं. माझ्या ऐकण्यात चूक झाली नाही की समजण्यात झाली नाही. समोर बसवून, हसतमुखानं फसवलं. आजवर एकाही व्यापाऱ्याला माझ्या गळ्यात खवट दाण्याचं पोतं मारता आलेलं नाही. या बाईंनी मात्र मला अख्खं वर्ष खवट विकलं.

माझं लोणावळ्यात चिक्कीचं दुकान आहे, मागे स्वतःची भट्टी. सुरुवात दुसऱ्याच्या भट्टीवर कढई ढवळण्यापासून केली, त्यामुळे बसून धंदा करणं मला कधी जमलं नाही. भट्टीपाशी उभं राहायचं आणि दाणे घ्यायला स्वतः पुण्याच्या मार्केट यार्डात जायचं. पोत्यात हात पार तळापर्यंत घालायचा, कारण वरचे दाणे दाखवायचे असतात आणि खालचे विकायचे. दोन्ही गुडघे गेले तेव्हा हेच सुटलं. ट्रकच्या फळीवर चढता येईना. व्यापारी म्हणायला लागले, "शेठ, तुम्ही बसा, नमुना आणून देतो." नमुना! ज्याच्याशी पोत्यात हात घालून भांडायचं, त्यानेच वाटीत आणलेले दाणे मी चावून बघायचे.

तळेगावच्या हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, पण अट घातली. आधी वजन उतरवा, मगच हात लावतो. म्हणून मी कुसगावला गेलो.

केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'फॅट खाल तर फॅट व्हाल'. मॅडमनी माझं खाणं विचारलं आणि एकेक कापत गेल्या. तेल बंद. तूप बंद. खोबरं बंद.

"शेंगदाणे?"

"काका, शेंगदाणे म्हणजे निव्वळ फॅट."

"मॅडम, माझा धंदाच शेंगदाण्याचा आहे."

"मग विका की. खाऊ नका."

मग मी पाकाचं विचारलं. चिक्कीचा पाक झाला की नाही हे थर्मामीटरवर आम्ही ठरवत नाही. थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकायचा, त्याची गोळी करायची आणि दाताखाली धरायची. कट्कन तुटली तर कढई उतरवायची, चिकटली तर थांबायचं. माझ्या भट्टीवर ही गोळी माझ्याशिवाय कुणी चावत नाही. चव आणि जबाबदारी, दोन्ही माझी. हे सगळं मी त्यांना नीट सांगितलं.

"त्यात तेल असतं का?" त्यांनी विचारलं.

"गुळात तेल कुठून येणार?"

"मग चालेल. काही प्रॉब्लेम नाही."

हे शब्द माझ्या डोक्यात जसेच्या तसे आहेत. आमच्या धंद्यात समोरचा 'चालेल' म्हणाला की सौदा झाला, मागे फिरता येत नाही.

त्या दिवसापासून सकाळी कोरे मुरमुरे, दुपारी उकडलेली भाजी, संध्याकाळी केंद्रातलीच 'झीरो फॅट' बिस्किटं. पोट भरायचं आणि तासाभरात पुन्हा रिकामं व्हायचं. भुकेनं माणूस चिडतो आणि मी तर आधीच चिडका. शनिवार-रविवारी पर्यटकांची रीघ लागली की कढई उतरतच नाही. घाण्यामागून घाणा, आणि प्रत्येक घाण्याला गोळी. पूर्वी एका गोळीत कळायचं. आता मी खात्री करून घ्यायला लागलो. गोळीही जरा मोठी व्हायला लागली. चालेल म्हणून सांगितलं होतं ना!

माझी बायको सुदुंबऱ्याची. ती पहिल्या आठवड्यातच म्हणाली, "अवो, भाजीला फोडणी न्हाई आन् तोंडात दिसभर गूळ. ह्ये कसलं पथ्य?"

"गुळात फॅट नाही."

"मंग हत्ती ऊस खाऊन बारीक व्हायला पायजे व्हता."

"मॅडम शिकलेल्या आहेत."

"म्हनूनच इचारते. काय शिकल्यात?"

वजन उतरेना तेव्हा मला तिचाच संशय आला. वाटलं, ही गुपचूप तेल घालते. मी भाजीचा वास घ्यायचो, ताटावरून बोट फिरवून ओशट लागतंय का बघायचो. एकदा तिनं ते पाहिलं आणि तेलाचा डबाच आणून माझ्यासमोर आदळला. "घ्या, कुलूप लावा. चावी गळ्यात बांधा. मार्केट यार्डात बसल्यासारखं घरात बसू नगा."

केंद्रातला काटा मात्र दर वेळी थोडं कमी दाखवायचा. तो गालिच्यावर ठेवला होता. मी म्हटलं, "मॅडम, फरशीवर ठेवा." त्या हसल्या. मी दुकानात येऊन पोती तोलायच्या काट्यावर उभा राहिलो. त्या काट्याला दर वर्षी शिक्का बसतो. तिथे मी होतो तिथेच होतो, उलट थोडा पुढे. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही फार शंका घेता, त्याचाही शरीरावर परिणाम होतो." म्हणजे काटा त्यांचा खोटा आणि दोष माझ्या स्वभावाचा.

वर्षानं पुन्हा तळेगावला गेलो, काठी घेऊन. डॉक्टरांनी गुडघ्यांचे एक्स-रे पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. "दिवसभर काय खाता ते तोंडानं सांगा."

सांगत गेलो. पाकाच्या गोळ्यांवर आलो तसं त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे कुणाला विचारलं होतं?"

"आहार केंद्रातल्या मॅडमना. चालेल म्हणाल्या."

त्यांनी कपाळाला हात लावला. मग सांगायला लागले. चरबी अजिबात काढली की पोट धरत नाही, सारखी भूक लागते, आणि ती भूक तुम्ही गुळावर भागवलीत. तळलेलं नको, वनस्पती तूप नको, बेकरीचं नको. पण भाजीला थोडं तेल पाहिजे, तिळाची नाहीतर जवसाची चटणी पाहिजे, मासे चालतील. आणि रोज मूठभर भाजलेले दाणे, गुळाशिवाय. ते बिस्किटांच्या जागी खायचे, बिस्किटं खाऊन वर आणखी नाही.

"मूठ कुणाची? माझी की तुमची?"

"तुमच्या मिसेसची."

"दोन मुठी करा."

"शेठ, इथे भाव होत नाही. तेलबियांत ताकद जास्त असते. दुप्पट खाल तर पुन्हा हाच रस्ता धराल."

खरं सांगतो, माझा विश्वास बसला नाही. दाणे खा असं सांगण्यात याचा काय फायदा, हे मी घरी येईपर्यंत शोधत होतो. दाणे माझेच, जवस सुदुंबऱ्याच्या सासुरवाडीतून येणार, डॉक्टरला कुठून काही मिळत नव्हतं. फायदा सापडेना तसा संशय आणखी वाढला. पण गुडघा संशयावर चालत नाही. बायकोनं मूठ मोजून दिली, चटणी कुटली, भाजीला फोडणी पडली. पाकाची गोळी आता मी दातानं तोडून थुंकतो, कामगार हसले तर हसू देत. वर्षात पहिल्यांदाच जेवल्यावर जेवल्यासारखं वाटलं. काही आठवड्यांनी पोत्याच्या काट्यावर उभा राहिलो. उतरलो, पुन्हा चढलो. काटा खाली आला होता. नंतरही हळूहळू येतच राहिला.

पुढच्या खेपेला तळेगावला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "असंच राहिलं तर ऑपरेशनचं बोलू. पण डावा गुडघा वर्षभरात फार झिजलाय. आधीसारखी मांडी घालून बसता येईल असा शब्द देत नाही."

तिथून मी घरी गेलो नाही. रिक्षा सरळ कुसगावला घेतली.

भिंतीवरची पाटी बदलली होती. आता लिहिलं होतं, 'चांगले फॅट खा, बारीक व्हा'. खाली काचेच्या कपाटात बरण्या, शेंगदाण्याचं लोणी, जवसाची पाकिटं. जिथे बिस्किटं होती तिथेच. मॅडमनी मला ओळखलं. "या काका! आता आपण हेल्दी फॅट्स सुरू केलेत."

"कधीपासून?"

"आता सगळीकडे तसंच आहे. सायन्स बदलतं ना."

"बदललं तर मला कळवायला फोन का नाही केला? फीसाठी तर दर महिन्याला तुमचा फोन येत होता."

"काका, पाक तुम्हीच खात होतात. मी तोंडात घातला होता का?"

बाहेरच्या बाकावरची माणसं आत बघायला लागली. मी ओरडलो हे खरं. मला बाहेर जायला सांगितलं हेही खरं.

मॅडम, मला फी परत नको. तुमची जुनी पाटी वाचून ज्यांनी भाजीतलं तेल काढलं आणि भूक साखरेवर भागवली, त्या प्रत्येकाला फोन करा आणि चूक झाली म्हणून सांगा. बरणीवर लिहून चालणार नाही, तोंडानं सांगा. आणि पहिला फोन मला करा. माझ्या डाव्या गुडघ्याचं जे वर्ष गेलं, त्याचं उत्तर कोण देणार, ते तुमच्या तोंडून मला ऐकायचं आहे.